आलेल्या वार्तेची पारख
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं थोडें गंभीर बोलण्याची परवानगी आम्ही मागतों. विषय आपणां सर्वांच्या हातांतील मोबाईलचा आहे.

पूर्वीं परगांवची बातमी टपालानें, वर्तमानपत्रानें किंवा बाजाराहून परतलेल्या शेजाऱ्याकडून येई. ती खोटी ठरल्यास सांगणाऱ्यास जाब विचारतां येई. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झालें, आणि जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडील खेड्यांतहि जगाची बातमी क्षणांत पोंचूं लागली. यांतील लाभ आम्ही नाकारीत नाहीं. शेतकऱ्यास कापसाचा भाव घरबसल्या कळतो. दूर गेलेल्या मुलाचें मुख आईला दिसतें. परंतु बातमी मुळांत कोणी सांगितली, हें मात्र कळेनासें झालें.

याचें फळ काय झालें तें ऐकावें. मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशी अफवा सन २०१८ मध्यें व्हॉट्सॲपवरून पसरली. १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें आठवडे बाजारांत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार मारलें. त्याच दिवशीं मालेगांवांत आपल्याच परभणी जिल्ह्यांतील एका भिक्षेकरी कुटुंबास जमावानें घेरलें. त्यांच्यासमवेत दोन वर्षांचें लेंकरूं होतें. तेथील एका गृहस्थानें त्यांस आपल्या घरांत आसरा दिला, पोलिस धांवून आले, आणि तीं माणसें वांचलीं. अफवा दोन्हीकडे एकच होती. मालेगांवीं मात्र तिच्यावर विश्वास न ठेवणारा एक मनुष्य निघाला.

त्या वर्षीं देशांत फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचींतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं पालकांनीं सावध राहावें म्हणून ती केलेली होती. मूल परत आणून देण्याचा शेवटचा भाग कापून ती खऱ्या गुन्ह्याची म्हणून पसरविण्यांत आली.

या धंद्याचें स्वरूपहि पालटलें आहे. व्हॉट्सॲप कंपनी २०१४ सालीं फेसबुकनें सुमारें १९ अब्ज डॉलरांस घेण्याचें ठरविलें. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांचें मुख्य उत्पन्न जाहिरातींचें आहे. आपण जितका वेळ पडद्यापुढें बसूं तितका त्यांचा लाभ. मनुष्य भय आणि क्रोध यांनीं लवकर खिळतो, हें सर्वांस ठाऊक आहे. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्यें पुष्कळदां फिरलेल्या संदेशास एकाच ठिकाणाची मर्यादा आली. हें योग्यच झालें. परंतु खोटी वार्ता पांच घरीं पोंचली तरी अनर्थास पुरेशी आहे. आतां तर संगणक कोणाचाहि आवाज आणि चेहरा हुबेहूब बनवितो.

म्हणून पारख आपणांसच केली पाहिजे. खोटी साक्ष वर्ज्य करणाऱ्या आठव्या आज्ञेचा भंग जिभेनें होतो, तसा बोटानेंहि होतो. आम्हींहि एकदां असा संदेश न तपासतां पुढें धाडला होता, हें लज्जेनें कबूल करतों. वार्ता कोणी, कोठून, केव्हां दिली हें कळल्यावांचून ती पुढें पाठवूं नये. चूक झाली तर ज्या मंडळींत ती पाठविली, त्यांच्यापुढेंच ती दुरुस्त करावी. आणि दारीं अनोळखी मनुष्य आला, तर मोबाईलकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या तोंडाकडे पाहावें.