लंडनचे टॅक्सीवाले आणि आपला मेंदू

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने सोसायटीच्या सभागृहात ठेवलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बजावलंय, "मॅडम, विषय कोणताही घ्या, पण अर्ध्या तासात आटपा. पुढे जेवण आहे." तेव्हा पुरणपोळीच्या आड मी येणार नाही.

मी एमआरआय विभागात नोकरी केली, हे आपल्या चारही विंगमध्ये माहीत आहे. त्यामुळे लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी मला एकच प्रश्न येतो: "अहो, हल्ली फार विसरायला होतं. एकदा डोक्याचा एमआरआय काढूनच टाकू का?" उत्तर देणार आहे, पण लंडनमार्गे. कारण या प्रश्नावर प्रकाश टाकणारं एक सुंदर संशोधन तिथे झालं, आणि त्याचा पहिला निबंध २००० साली, म्हणजे आपल्या सोसायटीची नोंदणी झाली त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

आधी यंत्राबद्दल दोन शब्द. एमआरआय म्हणजे मोठं लोहचुंबक. दवाखान्यात नेहमी दिसणारं दीड टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं असतं. आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू. या चुंबकात त्यांतले काही एका रेषेत येतात. मग रेडिओलहरींचा हलका धक्का द्यायचा. अणू कलतात, पुन्हा जागेवर येतात आणि येताना बारीकसा संदेश सोडतात. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांतून हे संदेश वेगवेगळ्या वेळाने विरतात, त्यावरून संगणक चित्र तयार करतो. यात क्ष-किरण नाहीत. तो ठोक-ठोक आवाज येतो तो आतल्या तारांच्या वेटोळ्यांचा. हे तंत्र उभं करणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं.

आता मेंदू. कानाच्या वरच्या बाजूला, आत खोलवर, बोटाएवढे दोन भाग असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून नाव हिप्पोकॅम्पस. त्याचं महत्त्व जगाला कळलं ते एका दुःखद गोष्टीतून. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाला फिट्सचा भयंकर त्रास होता. १९५३ साली शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं, तरी प्रत्येक भेट त्याला पहिलीच वाटायची. गंमत अशी, की आरशात बघून चांदणी गिरवण्याचं काम मात्र तो रोज थोडं जास्त चांगलं करत गेला. म्हणजे हाताची सवय एकीकडे साठते आणि 'काल कोण आलं होतं' हे दुसरीकडे. एखाद्या आजींना सुनेचं नाव आठवत नाही, पण पोळी मात्र गोल लाटतात, ती यामुळेच.

लंडनमध्ये एलिनॉर मॅग्वायर नावाच्या आयरिश संशोधक होत्या. त्यांना कुतूहल होतं की हा भाग रस्ते लक्षात ठेवायला कसा उपयोगी पडतो. त्यासाठी त्यांनी निवडले टॅक्सीवाले. तिथल्या काळ्या टॅक्सीचा परवाना सहज मिळत नाही. चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५ हजार रस्ते, शिवाय देवळं-थिएटरं-दवाखाने म्हणावेत तशी असंख्य ठिकाणं तोंडपाठ करावी लागतात. परीक्षक समोर बसवून विचारतो, इथून तिथे कसा जाशील, आणि उमेदवाराने वळणावळणासह रस्ता म्हणायचा. तीन-चार वर्षं मुलं मोपेडवर नकाशा लावून गल्ल्या पालथ्या घालतात. या परीक्षेचं नावच 'नॉलेज', म्हणजे ज्ञान!

मॅग्वायरबाईंनी १६ टॅक्सीवाल्यांचे एमआरआय काढले आणि टॅक्सी न चालवणाऱ्या ५० जणांशी ताडून पाहिले. टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा निघाला. ज्याची टॅक्सीतली वर्षं जास्त, त्याचा उजवीकडचा हा भाग जास्त मोठा. मोठ्या माणसाचा मेंदू एकदा घडला की घडला, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं. त्यामुळे या निबंधाची जगभर चर्चा झाली.

पण आपल्या सभेत जसा कोणीतरी उठून "हरकत आहे!" म्हणतो, तशा इथेही हरकती आल्या. पहिली: हा परिणाम रस्त्यांचा की दिवसभर गाडी चालवण्याचा, ट्रॅफिकच्या ताणाचा? म्हणून २००६ साली त्यांनी टॅक्सीवाल्यांची तुलना बसचालकांशी केली. गाडी दोघंही चालवतात, लंडनमध्येच चालवतात, पण बसवाल्याचा मार्ग ठरलेला. फरक टॅक्सीवाल्यांतच दिसला.

दुसरी हरकत जास्त अवघड: मुळातच ज्यांचा हा भाग मोठा, तेच टॅक्सीवाले होत असतील तर? याचं उत्तर द्यायला काही वर्षं थांबावं लागतं. त्यांनी आणि कॅथरिन वुलेट यांनी शिकायला सुरुवात करणारे ७९ उमेदवार घेतले, आधीच एमआरआय काढून ठेवले. तेव्हा कोणात फरक नव्हता. तीन-चार वर्षांनी ३९ जण पास झाले. पुन्हा एमआरआय काढले, तर पास झालेल्यांचा तो भाग वाढलेला होता. जे शिकले पण पास झाले नाहीत, त्यांच्यात आणि जे या वाटेला गेलेच नाहीत त्यांच्यात वाढ नव्हती. हा निबंध २०११ चा. आणि ही सगळी मोठी माणसं होती, शाळकरी पोरं नव्हेत.

आता मी एमआरआयवाली असल्यामुळे दुसरी बाजूही सांगते, नाहीतर उद्यापासून कट्ट्यावर रस्ते पाठ करण्याचे क्लास सुरू होतील. एक, टॅक्सीवाल्यांचा मागचा भाग मोठा होता, तसा पुढचा भाग लहानही होता, आणि एखादी नवी किचकट आकृती पाहून काही वेळाने आठवून काढण्यात ते बसचालकांपेक्षा मागे पडले. घरात कपाट घेतलं की पलंग सरकवावा लागतो, तसंच काहीसं. दोन, हा फरक गटाच्या सरासरीतला आहे. एका माणसाचं चित्र समोर ठेवून "हे टॅक्सीवाले" किंवा "यांची स्मरणशक्ती उत्तम" असं कोणी सांगू शकत नाही. तीन, रस्ते पाठ केल्याने अल्झायमर टळतो, असं या संशोधनाने सिद्ध केलेलं नाही.

म्हणून लिफ्टमधल्या प्रश्नाचं उत्तर: नुसतं मनाच्या समाधानासाठी एमआरआय काढू नका. रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे विसरणं थांबत नाही, आणि वयोमानाने दिसणारी एखादी खूण वाचून झोप मात्र उडते. चष्मा कुठे ठेवला, सिनेमातल्या नटाचं नाव काय, हे विसरणं आपल्या सगळ्यांचंच आहे. पण रोजच्या देवळातून घरी येताना रस्ता चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं, हिशेबात आयुष्यभर पक्का असलेल्या माणसाला वीजबिल न उमगणं, हे दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग लवकर बाधित होतो, म्हणून ओळखीचे रस्ते चुकणं ही महत्त्वाची खूण आहे. आधी डॉक्टरांकडे जा. ते बोलतील, प्रश्न विचारतील, बी-१२ आणि थायरॉइड तपासतील, चालू गोळ्या पाहतील, मन उदास आहे का ते विचारतील. यांतल्या काही गोष्टी उपचाराने सुधारतात. मग गरज वाटली तर ते स्वतःच एमआरआय लिहून देतील. तो काढायला जाल तेव्हा पेसमेकर, शरीरातला धातू, सगळं आधी सांगा आणि खिसे रिकामे करा. तो चुंबक कायम चालू असतो, बटण बंद करून थांबत नाही.

शेवटचं मुलांना आणि सुनांना सांगायचंय. आपण प्रेमापोटी आईबाबांच्या हातून एकेक काम काढून घेतो. "बाबा, तुम्ही बँकेत जाऊ नका, मी ॲपवर करतो." "आई, भाजी घरपोच येते." मग त्यांना करायला उरतं काय? लंडनच्या त्या माणसांचा मेंदू नुसत्या इच्छेने बदलला नाही, रोजच्या कामाने बदलला. सत्तरीत तेवढं होईल असं आश्वासन मी देणार नाही. पण ज्याला झेपतंय त्याला स्वतः रस्ता शोधू द्या, हिशेब करू द्या, चुकलं तर चुकू द्या. सोबत जा, पण पुढे त्यांना चालू द्या.

मॅग्वायरबाई जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या अवघ्या ५४व्या वर्षी गेल्या. इतरांना रस्ते कसे सापडतात हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि स्वतः मात्र त्या मोकळेपणाने सांगत, की मला रस्ते अजिबात लक्षात राहत नाहीत! तेव्हा चष्मा विसरणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.

अर्धा तास झाला, सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघतायत. प्रश्न जेवताना विचारा.