परवान्यामागची सोयरीक
(नांदे, ता. मुळशी येथील व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्यामागे कोण उभे आहे, हा प्रश्न मुळशीला नवा नाही. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा प्रतिपक्ष टाटा आहेत हे सर्वांना ठाऊक होते. आज बिअरचा कारखाना काढणारी कंपनी कोणाची, हे दारावरच्या पाटीवरून उमगत नाही.

मद्यनिर्मिती हा इतरांसारखा व्यापार नव्हे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार सरकारी परवान्यावाचून ती करता येत नाही. परवाना म्हणजे राज्यसत्तेने मोजक्यांना बहाल केलेला अधिकार. तो कोणत्या गोतावळ्यात जातो, हा म्हणूनच सार्वजनिक प्रश्न ठरतो.

युनायटेड ब्रुअरीजचे उदाहरण पाहावे. थॉमस लेशमन या गोऱ्या उद्योजकाने 1915 मध्ये ती स्थापिली. 1947 मध्ये विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले, पुढल्याच वर्षी अध्यक्ष. 1983 मध्ये ते पद मुलाकडे गेले. 2021 पासून बहुसंख्य भाग हायनेकेन या डच कंपनीकडे आहेत. गोरा मालक गेला, वारसा आला, आणि अखेर परदेशी भांडवल परतले. परंतु बापलेकांचे आडनाव एक असल्याने हा वारसा निदान दिसत तरी होता.

सोयरीक तशी दिसत नाही. लेक सासरी जाते, आडनाव बदलते. भांडवल मात्र त्याच घरांत फिरते. कायद्याची दृष्टीही येथे अधू झाली आहे. 1956 च्या कंपनी कायद्यातील नातेवाइकांच्या यादीत भावजय आणि बहिणीचा नवरा होते. 2013 चा कायदा व त्याखालील नियम एकत्र कुटुंबातील सदस्य, पती-पत्नी, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण यांवर थांबतात. मेहुणा, साडू, व्याही त्यात नाहीत. महाराष्ट्रात सत्तेचे आणि साखरेचे राजकारण ज्या नात्यांवर चालते, नेमकी तीच नाती कायद्याच्या लेखी परकी!

नातेवाईक असणे हा गुन्हा नव्हे. नाते लपवून सार्वजनिक अधिकार मिळविणे हा अन्याय आहे. म्हणून मद्याच्या प्रत्येक परवान्यासोबत संचालकांची व मोठ्या भागधारकांची नाती, सोयरिकीसह, ग्रामसभेपुढे वाचली जावीत. गावात लग्न जुळविताना दोन्हीकडची कुळी विचारतात. गावचे पाणी मागणाऱ्याची कुळी विचारण्यात संकोच कसला?