सिंगापूरची मंडई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तीन वर्षे सिंगापुरास राहून आलात, तिथले काही सांगा." उंच इमारती तुम्ही सिनेमात पाहिल्याच आहेत. मी आपली मंडईच सांगते.

ह्यांच्या नोकरीमुळे २०१४ साली आम्ही तिकडे गेलो. पहिले चार महिने मी एकटी घराबाहेर पडले नाही. इंग्रजी येत नाही, वाटेत कोणी काही विचारले तर काय सांगू? भाजी हेच रविवारी मोठ्या दुकानातून आणीत. सगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. मोडून बघायची सोय नाही.

शेवटी शेजारच्या तमिळ बाईंनी मला सेरंगून रोडवरच्या टेक्का बाजारात नेले. तिथली फरशी धुऊन धुऊन सदा ओली, म्हणून असल्या मंडईला तिकडे 'वेट मार्केट', म्हणजे ओला बाजार म्हणतात. आणि काय सांगू, समोर आपला माठ! आपली नाळीची भाजी! तिकडे त्यांना बायम आणि कांगकोंग म्हणतात, एवढेच. बरीच भाजी शेजारच्या मलेशियातून येते. मासळीच्या बाजूला गेले, तर बांगडा, सुरमई, पापलेट. मी रत्नागिरीकडची. डोळ्यांत पाणीच आले. बांगड्याला तिकडे केम्बुंग म्हणतात आणि सुरमईला तेंगिरी.

पुढच्या खेपेस धीर करून एकटी गेले. 'बेरापा', म्हणजे केवढ्याला, हा एक मलाय शब्द पाठ केला होता. सुरमईला बोट लावून विचारले. चिनी म्हाताऱ्याने दोन बोटे दाखवली. दोन डॉलरला किलो! मी खुशीत किलोभर कापून घेतली. त्याने मागितले वीस. मी भर बाजारात मराठीत भांडले. माणसे जमली. तेव्हा एका बाईने हिंदीत सांगितले, भाव शंभर ग्रॅमचा असतो. मासळी कापून झाली होती. निम्म्या आठवड्याच्या बाजाराचे पैसे गेले. घरी येऊन रडले, आणि ह्यांना मासळी पाच डॉलरची म्हणून सांगितले. पुढे महिनाभर आमच्याकडे डाळच जास्त झाली.

त्या म्हाताऱ्याचे दुकान टाळून मी पलीकडच्या वाटेने जात असे. एक दिवस त्यानेच हाक मारली. पुठ्ठ्यावर शंभर ग्रॅमचा आणि किलोचा असे दोन्ही भाव लिहून माझ्यापुढे धरले. तेव्हापासून निघेपर्यंत मासळी मी त्याच्याकडूनच घेतली. बांगडे ताजे नसले, की तो हात हलवून नको म्हणे. इतका खरेपणा आमच्या बंदरावरही नेहमी मिळत नाही, कोळणींनी रागावू नये.

वीस डॉलरची गोष्ट ह्यांना आजच कळते आहे. मागच्या खुर्चीवर बसले आहेत. आता मी बसते.