परसबागेला बदकांचं खत

कोकणात किंवा पाणी मुबलक असलेल्या कुठल्याही गावात घरामागे चार-सहा बदकं पाळली असतील, तर परसबागेच्या खताची मोठी सोय घरातच आहे. बदकांच्या विष्ठेत नत्र, स्फुरद आणि पालाश ही तिन्ही अन्नद्रव्यं असतात. मात्र ती कोंबडीच्या विष्ठेपेक्षा बरीच पातळ असते. नुसतीच साठवली तर दुर्गंधी सुटते आणि अमोनियाच्या रूपाने नत्र हवेत उडून जातं.

म्हणून खुराड्यात भाताचा पेंढा, तूस किंवा वाळका पालापाचोळा जाड अंथरा. तो ओला झाला की काढून सावलीत ढीग रचा, त्यात आणखी कोरडा पाला भरपूर मिसळा आणि अधूनमधून वरखाली करा. ढीग आतून 55 अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस तापलेला राहिला, की साल्मोनेलासारखे रोगजंतू मरतात. काही महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार होतं. पावसाळ्यात ढीग झाकायलाच हवा, नाहीतर कस वाहून जातो.

बदकं डुंबतात त्या टाकीचं पाणी गटारात सोडणं हे मला फार मोठं नुकसान वाटतं. ते केळी, नारळ, शेवगा यांच्या आळ्यात ओता. पण कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खायच्या भाज्यांना हे पाणी किंवा ताजी विष्ठा मुळीच घालू नका. आणि बागेतून आल्यावर साबणाने हात धुवा, मुलांचेही धुवून घ्या.