रानहंसांचा अज्ञातवास

विराटनगरींत शिरण्यापूर्वीं पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीवृक्षावर ठेविलीं. रानहंसाला असा अज्ञातवास दरवर्षीं पत्करावा लागतो. वर्षभराच्या प्रवासानें त्याचीं पिसें झिजतात. तीं टाकून नवीं धारण केल्यावांचून गत्यंतर नसतें. कावळा, घार इत्यादि पक्षी पंखांचीं पिसें क्रमाक्रमानें टाकतात व उडतच राहतात. हंसाचें शरीर जड. थोडीं पिसें गेलीं तरी त्याला उड्डाण कष्टाचें होतें. म्हणून तो उड्डाणाचीं सर्व पिसें एकदम टाकतो आणि तीन-चार आठवडे पंख असून पांगळा होतो.

ज्यांना पिलें आहेत तीं जोडपीं पिलांपाशींच हा काळ काढतात. पिलांच्या पंखांत बळ येतें त्याच सुमारास आईबापांचीं पिसेंहि पुन्हां वाढतात. परंतु ज्यांचें विणीचें वय झालेलें नाहीं, किंवा ज्यांचीं घरटीं कोल्ह्यानें वा पुरानें नष्ट केलीं, ते थव्याथव्यांनीं दूर निघून जातात, आणि तेहि बहुधा आणखी उत्तरेकडे! तेथें गवत उशिरां उगवतें, त्यामुळें कोवळा चारा मिळतो. आणि कोल्ह्याची चाहूल लागतांच विस्तीर्ण जलाशयांत शिरतां येतें.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळील टेशेकपुक सरोवराचा परिसर हें असेंच एक आश्रयस्थान. पॅसिफिक महासागराच्या बाजूच्या काळ्या ब्रँट हंसांपैकीं कांहीं वर्षीं ३० टक्क्यांपर्यंत पक्षी तेथें पिसें टाकतात. पश्चिम अलास्कांतून येणाऱ्यांस त्यासाठीं सुमारें हजार किलोमीटर उडावें लागतें.

परंतु याच प्रदेशांत भूमीखालीं तेल आहे. १९२३ सालीं अमेरिकन सरकारनें हा टापू आरमाराच्या तेलासाठीं राखून ठेविला. १९७७ सालीं सरोवराभोवतालचा भाग विशेष क्षेत्र ठरला. पुढें तेथील संरक्षण सरकारागणिक कधीं वाढलें, कधीं आखडलें. हेलिकॉप्टरच्या आवाजानें हे पंगु हंस चरणें सोडून धांवत सुटतात. नव्या पिसांसाठीं लागणारी शक्ति त्या धांवपळींत खर्च होते.

घरट्याचें रक्षण करावें हें मनुष्यास सहज पटतें. तेथें अंडें दिसतें, पिलूं दिसतें. टेशेकपुकच्या काठीं उन्हाळा सरल्यावर गळलेल्या पिसांखेरीज हंसाची खूण फारशी उरत नाहीं. परंतु तेथून निघालेल्या ब्रँटला हिवाळ्यासाठीं मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंत जावयाचें असतें. तो एक महिना निर्भय गेला नाहीं, तर उरलेले अकरा महिने त्यानें उडावें कोणाच्या बळावर?