उलट्या वाहणाऱ्या नदीचं सरोवर

कंबोडियातलं तोनले साप हे आग्नेय आशियातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. याच नावाची नदी त्याचं पाणी मेकाँग नदीकडे नेते. पण साधारण जूनमध्ये मेकाँगला पूर आला की ही नदी चक्क उलटी वाहू लागते आणि सरोवर भरत जातं. उन्हाळ्यात जेमतेम अडीच हजार चौरस किलोमीटर असलेलं पाणी कित्येक पटींनी पसरतं, काठावरचं जंगल बुडतं. बुडालेल्या त्या झाडांमध्ये मासे पोसतात, वाढतात. नोव्हेंबरच्या सुमारास पाणी ओसरू लागतं, मासे दाटीनं उरतात, आणि पक्ष्यांची चंगळ होते!

पक्ष्यांसाठी जायचं तर सरोवराकाठच्या प्रेक तोआल पक्षी अभयारण्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत. सिएम रीप शहरातून आधी गाडी, मग होडी. हरगिला हा मोठा करकोचा आणि झोळीवाला म्हणजे पेलिकन हे दुर्मीळ पक्षी इथे झाडांच्या शेंड्यांवर घरटी करतात. आपल्या भिगवणला दिसणारा चित्रबलाकही भेटतो. पूर्वी इथली अंडी सर्रास गोळा केली जात. पुढे ती गोळा करणाऱ्यांपैकीच काहींना राखणदार नेमलं आणि पक्षी पुन्हा वाढले. मला हे फार मोलाचं वाटतं.

दुर्बीण आणि टोपी विसरू नका. सरोवरातल्या तरंगत्या गावांतून जाताना मात्र कॅमेरा जरा आवरा, ती लोकांची घरं आहेत. जाता जाता एक काळजीची गोष्ट: नदीच्या वरच्या भागातल्या धरणांमुळे आणि कमी पावसामुळे मेकाँगचा पूर अलीकडे काही वर्षं उशिरा आणि कमी आला, तेव्हा सरोवरही पुरतं भरलं नाही.