विशेष मुलांची शाळा : दया नव्हे, हक्क



शाळेच्या निकालाची टक्केवारी आपण अभिमानाने सांगतो. पण जे मूल पटावरच आले नाही, त्याचा हिशेब कोण ठेवतो? बुद्धीची वाढ धिमी म्हणून घरी बसविलेल्या मुलांविषयी मला दोन शब्द बोलायचे आहेत.

१९४४ साली मुंबईत होरमसजी व तेहमिना वकील या दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. तीच आज शिवडीची जय वकील शाळा. आरंभ एका मुलीपासून झाला, हे ध्यानात घ्या.

आता कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या अथवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. लोक काय म्हणतील, बहिणीचे लग्न कसे जमेल, या धास्तीने ते काढणे टाळू नका.

हाताने जेवणे, कपडे घालणे, नाणी ओळखणे, रस्ता ओलांडणे, हेही शिक्षणच आहे. मीरा-भाईंदरच्या आईने अशा मुलाला रोज लोकलच्या गर्दीतून शिवडीला कसे न्यावे? शाळा वस्तीजवळच हवी, आणि घरची भाषा उर्दू असेल तर ती समजणारे शिक्षकही हवेत.

आपल्या इमारतीत असे मूल असेल, तर त्याच्या आईवडिलांना या आठवड्यातच भेटा. त्याचे नाव प्रथम पटावर येऊ द्या.